चुकीच्या जागी तुटलेला शब्द

माझा मामा एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टमन होता. ही नोकरी त्याने मुद्दाम धरली होती, कारण तिथे बोलावं लागत नाही. लोक आत शिरतात, मजला सांगतात, आपण बटण दाबायचं. मामा लहानपणापासून अडखळत बोलायचा. शब्दाच्या पहिल्याच अक्षराशी त्याची जीभ अशी अडायची की मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरच्या माणसाला शेवटी दया येऊन तोच वाक्य पुरं करून टाकायचा. बहुतेक वेळा चुकीचं. एकदा न्हाव्याला ‘मध्यम काप’ असं सांगायला गेला आणि ‘म-म-म’वरच अडकला. न्हावी म्हणाला, “मशीन ना? बरं बरं.” मामा तुळतुळीत डोकं घेऊन घरी आला आणि महिनाभर टोपी घालून फिरला.

त्याच्या वाटणीचं सगळं बोलणं मामीकडे होतं. दुकानदाराशी घासाघीस मामीने करायची, बँकेत मामीने विचारायचं, शेजाऱ्यांशी भांडायची वेळ आली तर मामीने पदर खोचायचा आणि मामाने मागे उभं राहून तोंडावर राग आणायचा. घराच्या पुढच्या खोलीत मामीचं पाळणाघर होतं. दहाबारा पोरं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे लोळत असायची, आणि त्या सगळ्या कालव्यावर मामीचा आवाज असायचा. गाणी, गोष्टी, दटावणी, सगळं एकाच पट्टीत. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे दोन वर्षं राहिले होते. अभ्यासाला बसले की कानात कापूस घालायचे आणि तरी मामीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकू यायची.

मी तिथे असतानाच हॉस्पिटलात नवे प्रमुख आले आणि त्यांनी सगळ्या विभागांच्या पाट्या बदलल्या. ‘कान-नाक-घसा’ गेलं. त्या जागी आलं ‘ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी’. पेशंटच्या हातातल्या चिठ्ठीवरही तेच छापून येऊ लागलं. लोक ती चिठ्ठी धरून लिफ्टसमोर उभे राहायचे आणि एकमेकांची तोंडं बघायचे. तेव्हा हुकूम निघाला की लिफ्टमनने प्रत्येक मजल्यावर विभागाचं नाव मोठ्याने पुकारावं, चिठ्ठीवर आहे तसंच.

पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि मामा म्हणाला, “ओ-ओ-ओ-ओटो...” पुढे काही निघेना. मागून कोणीतरी म्हणालं, “काका, ऑटो बाहेर मिळेल, इथे लिफ्टच चालेल!” सगळी लिफ्ट हसली. मामाही हसला. घरी येऊन मात्र जेवला नाही. मामीने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, धु-धुलाईखात्यात बदली मागतो. तिथे यंत्रांचा इतका आवाज असतो की कोणी कोणाशी बोलतच नाही.

बदली झाली नाही, कारण त्या हसणाऱ्या लिफ्टमध्ये एक बाई होत्या ज्या हसल्या नव्हत्या. चौथ्या मजल्याच्या टोकाला वाचा-उपचाराची छोटी खोली होती, तिथल्या त्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, फटकळ. सगळे त्यांना वाचाबाई म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामाला बोलावून घेतलं आणि बसा-बिसा न म्हणता विचारलं, “गाण्यात अडता का?”

मामाने मान हलवली. नाही.

“मग तुमची जीभ धड आहे. तिला घाई नडते. सगळा शब्द एकदम तोंडात कोंबू नका. एवढी मोठी भाकरी कोणी सबंध गिळतं का? तुकडे करा.” त्यांनी टेबलावर बोटाने ठेका धरला. “ओ. टो. राय. नो. लॅ. रिन्. गॉ. लॉ. जी. एका ठोक्याला एक घास. म्हणा.”

रोज ड्यूटी संपली की मामा थोडा वेळ त्या खोलीत जायचा. घरी येऊन मांडीवर ताल धरून म्हणायचा. पाळणाघरातली पोरंही म्हणू लागली. नऊ ठोक्यांचा तो शब्द आमच्या घरात असा घुमायचा की भाजीवालीने मला एकदा विचारलं, तुमच्याकडे कसला क्लास चालतो? पुढे एके दिवशी मामा चौथ्या मजल्यावर तो शब्द न अडता बोलून गेला. लिफ्टमध्ये त्या वेळी नेमकं कोणी नव्हतं, फक्त एक सफाईवाला होता आणि तो बहिरा होता, असं मामाने मला फार दुःखाने सांगितलं.

जिभेपुरती ही फोड जमली, तेव्हा वाचाबाईंनी त्याला दुसरी शिकवली. “आता अर्थाची फोड ऐका. ओटो म्हणजे कान. रायनो म्हणजे नाक. लॅरिंगो म्हणजे स्वरयंत्र, घशातली आवाजाची पेटी. लॉजी म्हणजे त्याची विद्या. बघा, तुमचं जुनं कान-नाक-घसाच आहे, नुसता कोट घालून आलंय.”

मामाला याचं इतकं नवल वाटलं की तो दोन जिने पायी उतरून आला. लिफ्टमन असून! रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याने आम्हाला सगळं ऐकवलं. रायनो म्हणजे नाक, म्हणून नाकावर शिंग असणाऱ्या गेंड्याचं इंग्रजी नावही रायनोवरूनच. ऑर्थो म्हणजे सरळ आणि पेडिक्समध्ये मूल आहे, पण तिसऱ्या मजल्यावर, हाडांच्या ऑर्थोपेडिक्समध्ये, तर सगळे वाकलेले म्हातारे येतात! कार्डिओ म्हणजे हृदय. एक्टमी म्हणजे काय ते अजून विचारायचं राहिलंय. ऑपरेशनच्या मजल्यावर तो शब्द फार येतो.

मामी म्हणाली, “भाजी निवडायला सांगितली की तुमची कंबर दुखते. शब्द निवडायला बरे बसता तासन् तास!” पण तिला मनातून आवडत होतं. मामा जेवताना बोलतोय हे आमच्या घरात नवीनच होतं.

त्याच सुमारास मामीचा आवाज बसायला लागला.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. दिवसभर पोरांवर ओरडल्यावर घसा बसणारच. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद झाली, ‘जरा गप्प बसून बघ’ असंही सांगून झालं. महिने गेले तसा तिचा आवाज खरवडल्यासारखा झाला. मग गिळताना दुखू लागलं. शेवटी मामानेच तिला आपल्या लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर नेलं आणि दार उघडून पूर्ण शब्द पुकारला. ती म्हणाली, “कळलं हो. मला कशाला ऐकवता?” तपासण्या झाल्या, घशातला तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि तिला दाखल करून घेतलं. सात नंबरची खाट. अहवाल आला की शुक्रवारी मोठे डॉक्टर घरच्यांशी बोलतील, असं नर्सने सांगितलं.

गुरुवारचा तो प्रसंग मामाने मला नंतर पुन्हा पुन्हा सांगितला. मोठे डॉक्टर आणि त्यांचे हाताखालचे डॉक्टर लिफ्टमध्ये चढले. लिफ्टमनसमोर लोक असे बोलतात जसं काही तोही लिफ्टचाच एखादा खटका आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, “सात नंबरची टोटल लॅरिंजेक्टमी करावी लागेल. उद्या घरच्यांना बोलावून घ्या.” आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून गेले.

मामाने दार बंद केलं आणि शिकल्याप्रमाणे शब्द हातात घेतला. ठोक्यांवर तोडला. लॅ. रिन्. जेक्. ट. मी. मधले दोन घास एकत्र म्हणून बघितले. रिन्-जेक्. इन्-जेक्. इंजेक्शन! सुरुवातीचं आणि शेवटचं काहीही असेना, पोटात इंजेक्शन आहे. आणि टोटल म्हणजे पूर्ण. इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स.

तो तसाच लिफ्ट दुसऱ्याच्या हवाली करून मामीच्या खाटेपाशी गेला. मीही तिथेच होते, तिचा डबा घेऊन आले होते. मामाचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, पगार वाढला. “इं-इंजेक्शन,” तो म्हणाला. “कापाकापी न-नाही. मी ऐकलं. म-मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून.”

मामीने त्या खरवडलेल्या आवाजात लगेच आठ नंबरच्या आजींना सांगितलं, सहा नंबरच्या मुलीला सांगितलं. मला फोन लावायला लावला. पाळणाघरातल्या पोरांच्या आयांना कळवलं की पुढच्या आठवड्यात दार उघडतेय, डबे तयार ठेवा.

संध्याकाळी मामा वाचाबाईंकडे गेला तो फुशारकी मारायलाच. बाहेरचा शब्द त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या बळावर फोडला होता. त्याने टेबलावर ठेका धरून म्हणून दाखवलं आणि मध्ये इंजेक्शन कसं सापडलं ते सांगितलं.

वाचाबाई आधी हसल्या. मग त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “हा शब्द कुठून आणलात?”

मामाने सांगितलं. सात नंबर. बायको.

बाई उठल्या, दार लोटून आल्या. म्हणाल्या, “मी डॉक्टर नाही. हे तुम्हाला सांगायचं काम माझं नाही. उद्या ते नीट सांगतील.”

मामाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. फार वेळ काही निघेना. बाई थांबून राहिल्या. शेवटी तो म्हणाला, “प-पेशंटचं नका सांगू. फ-फक्त शब्द सांगा.”

बाईंनी कागद ओढला आणि तो शब्द इंग्रजीत लिहिला. “तुम्ही तोडलंत ते जिभेसाठी बरोबर आहे. जीभ ‘जेक्’ एका घासात घेते. पण अर्थ तिथे तुटत नाही, तो त्या घासाच्या मधोमध तुटतो.” त्यांनी पेन्सिलीने एक उभी रेघ मारली. “हे ‘जी’ अक्षर बघा. चौथ्या मजल्याच्या पाटीवर ह्याचाच ग आहे. इथे पुढे ई आला, म्हणून त्याचा ज झाला. आवाज बदलला, अक्षर तेच.”

मामाने रेघेच्या अलीकडच्या भागावर बोट ठेवलं. लॅरिंग. पाटीवर तो रोज वाचत होता. घशातली आवाजाची पेटी.

“आणि हे पलीकडचं... एक्टमी,” बाई म्हणाल्या. “टॉन्सिलेक्टमी. अपेंडेक्टमी.”

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. ती माणसं मामाच्याच लिफ्टमधून वर जात होती. टॉन्सिलवाली पोरं टॉन्सिल इथेच ठेवून घरी जायची. अपेंडिक्सवाले अपेंडिक्स ठेवून.

“ट-टोटल?” मामाने विचारलं.

“टोटल म्हणजे टोटल,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला.

तो घरी आला तेव्हा मी पोळ्या करत होते. तो स्वयंपाकघराच्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून बसला आणि मला सगळं सांगितलं. पोळी करपली तरी मला कळलं नाही. मी म्हटलं, “मामा, तू नको. मी सांगते मामीला. नाहीतर डॉक्टर सांगतीलच की उद्या.”

तो मान हलवत राहिला. “इं-इंजेक्शन मी सांगितलं. हे पण म-मीच सांगणार.”

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांच्या फेरीच्या आधी आम्ही दोघं गेलो. मामी उशीला टेकून बसली होती, केस विंचरून, घरी निघाल्यासारखी. मामा स्टूल ओढून बसला.

“आ-आ-आ...”

“आज सोडतायत?” मामी म्हणाली.

त्याने मान हलवली. “आ-आवा...”

“आवराआवर करायला सांगितलीय का? झालीय माझी.”

मामाने हात वर केला, वाहतुकीच्या पोलिसासारखा. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्यासमोर असा हात कधी केला नसेल. मामी थबकली. मग त्याने खाटेच्या लोखंडी कडेवर बोटाने ठेका धरला आणि एकेक घास बाहेर काढला. “आ-वा-जा-ची... पे-टी... का-ढा-य-ची... आ-हे. इं-जे-क्शन... ना-ही. मा-झं... चु-क-लं.”

आठ नंबरच्या आजींनी तोंड दुसरीकडे वळवलं. मामी पुढे सरकून बसली.

“सगळी?”

“सगळी.”

“आणि श्वास?”

असे पेशंट मामाने लिफ्टमध्ये पाहिले होते. त्याने आपल्याच गळ्याच्या खालच्या खळगीला बोट लावलं. इथून.

“मग मी जगेन?”

“त्या-साठीच का-काढतायत.”

ती बराच वेळ चादरीच्या शिवणीवर नख फिरवत बसली. मग म्हणाली, “ठीक आहे. पण ऑपरेशनपर्यंत मला कोणी ‘गप्प बस’ म्हणायचं नाही. डॉक्टरांनी म्हटलं तरी.” आणि एवढं बजावून ती दिवसभर एक शब्द बोलली नाही. डॉक्टर आले, त्यांनी खुर्चीत बसून शांतपणे सगळं समजावलं, चित्रं काढून दाखवली. ती नुसती मान डोलवत होती. प्रश्न मामाने विचारले. अडत, ठेक्यावर, पण सगळे विचारले.

दुसऱ्या दिवसापासून तिला कंठ फुटला, आणि ती मामाला तयार करायच्या मागे लागली. नर्सकडे पाणी मागायचंय? मामाने मागायचं. फोन करायचाय? मामाने करायचा. कोणता दुकानदार मापात मारतो, कोणत्या पोराला दूध पचत नाही, कोणाची आई उशिरा येते आणि कारणं सांगते, हे सगळं तिने त्याला पाठ करायला लावलं. दुपारी पोरं झोपताना म्हणायच्या गाण्याच्या ओळी ती सांगायची आणि मामा म्हणायचा. त्या मात्र तो सरळ म्हणत होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. मामी घरी आली ती गळ्यावर पातळ कापडाचा पडदा बांधून, त्याच्या आत श्वासाचं भोक. हातात लिहायची पाटी. पोरांच्या आयांना मामाने एकेकीला स्वतः फोन करून सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी तो अडखळायला लागल्यावर फोन ठेवून दिला. निम्मी पोरं गेली. जी राहिली त्यांना पहिला दिवस नवल वाटलं, आणि नंतर ती मामीशी हातवाऱ्यांनी बोलायला आमच्यापेक्षा लवकर शिकली.

मामीला मात्र तिचं नवं बोलणं जमेना. वाचाबाईंनी तिला हवा गिळून ती वर आणून आवाज काढायला शिकवायला घेतलं. पा. टा. का. एवढंच, आठवडेच्या आठवडे. तिने पाटीवर लिहिलं, ‘ढेकर देऊन बोलायचं? मी?’ आणि नंतर ती पाटी भिंतीवर फेकली. ज्या बाईचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा तिला एक ‘पा’ काढायला घाम फुटत होता. मामा रोज तिच्यासमोर बसायचा, मांडीवर ठेका धरायचा आणि तिच्याबरोबर म्हणायचा. पा. टा. का. कधी कधी तोही ‘पा’वर अडायचा. मग दोघं नुसतेच एकमेकांसमोर तोंड उघडून बसलेले असायचे.

पाटी नवी आणली. एके दिवशी मामा भाजी परतत होता, चमच्यात मीठ घेऊन पातेल्यावर हात धरून उभा होता, टाकू की नको अशा विचारात. मागून एक खरखरीत, घोगरा, पाण्याखालून आल्यासारखा आवाज आला.

“टा. का.”

मामाने मीठ टाकलं. मग त्याच्या लक्षात आलं. मागे वळून पाहिलं तर मामी दारात उभी, स्वतःच चकित. दोन कोरडे घास, रोजचे, आज त्यांचा शब्द झाला होता. मामाने आणखी एक चमचा मीठ टाकलं. मग आणखी एक. ती भाजी त्या दिवशी कोणालाही तोंडात धरवली नाही, पण टाकूनही दिली नाही.

त्यानंतर तिचं बोलणं हळूहळू उभं राहिलं. एका दमात दोन घास, पुढे तीन. पूर्वीसारखं कधीच नाही. फोनवर तिचं कोणाला कळत नाही, बाजाराच्या गलक्यात ती अजून पाटीच काढते. पूर्वीची गाणी गेली ती गेलीच. मामाने सकाळची पाळी मागून घेतली, दुपारी पोरांना झोपवायचं काम त्याच्याकडे आलं आणि त्याच्याकडेच राहिलं. एखाद्या पेशंटचं तेच ऑपरेशन ठरलं की वाचाबाई दोघांना बोलावून घेतात. मामी त्या माणसासमोर बसते, हवा गिळते आणि म्हणते, “घा-बरू न-का.” मोठा शब्द काय आहे ते मामा सांगतो. रेघ कुठे मारायची तेही दाखवतो.

माझं कॉलेज संपलं, मी दुसऱ्या गावी नोकरीला गेले. परवा त्यांच्याकडे गेले होते. मामा आता निवृत्त झालाय. दुपारी दोघांचं कपाटावरून भांडण लागलं. मामीला ते खिडकीजवळ हवं होतं, मामाला दाराजवळ. तिचं एकेक वाक्य तीन-तीन घासांचं, त्याचं ठोक्या-ठोक्यावरचं. दर वाक्यानंतर एकाला दम घ्यावा लागे आणि दुसऱ्याला जीभ सोडवावी लागे. जे भांडण पूर्वी मामीने पाच मिनिटांत जिंकलं असतं ते चहाची वेळ होईपर्यंत चाललं. मध्येच मामाच्या तोंडून एक मोठी, कचकचीत शिवी सणसणत बाहेर पडली. एका झटक्यात, न अडता, गुळगुळीत.

मामाने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मामीचे खांदे हलू लागले. तिचं हसू आता ऐकू येत नाही. गळ्यावरचा तो पातळ पडदा तेवढा फडफडत राहतो. तो बराच वेळ फडफडत होता.

शेवटी मी आणि मामाने मिळून कपाट ढकललं. खिडकीजवळ.